वारा नाही, पाणी नाही, तरी चंद्राची माती काळवंडते कशी?

कृत्तिका

अपोलो ११ चे नमुने १९६९ मध्ये प्रयोगशाळेत पोचले आणि एक विसंगती लगेच डोळ्यांत भरली. चंद्रावरचा खडक कुटून पूड केली, तर ती पूड तिथल्याच मातीपेक्षा बरीच उजळ दिसायची. माती म्हणजे तरी काय, त्याच खडकांचा चुरा. खनिजं तीच, लोहाचं प्रमाणही जवळपास तेच. मग माती इतकी काळी का? आणि तिच्या वर्णपटात पायरॉक्सिन, ऑलिव्हिन या खनिजांच्या ओळखीच्या खुणा एवढ्या पुसट का?

या प्रश्नाचं पटेल असं उत्तर मिळायला १९९३ साल उजाडलं. ते उत्तर मला इतकं आवडतं की त्यावर मराठीत निवांत चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढतेय.

चंद्राला वातावरण नाही, त्यामुळे त्याच्या पृष्ठभागावर दोन गोष्टी थेट येऊन आदळतात. एक सौरवारा. सेकंदाला साधारण ४०० किमी वेगानं येणारा हा मुख्यतः प्रोटॉनचा प्रवाह खनिजाच्या कणात वीस-तीस नॅनोमीटर (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) घुसतो, तिथली स्फटिकरचना मोडतो आणि पृष्ठभागावरचे अणू उडवून लावतो. दुसरी म्हणजे सूक्ष्म उल्का. धुळीच्या कणाएवढ्याच, पण सेकंदाला दहा-वीस किमी वेगानं आदळणाऱ्या. त्या जिथे पडतात तिथली माती क्षणात वितळते, काही भागाची तर वाफच होते. उडालेले अणू आणि ही वाफ शेजारच्या कणांवर जाऊन बसते, आणि प्रत्येक कणाभोवती शंभर-दोनशे नॅनोमीटर जाडीची काचेसारखी साल तयार होते.

खरी गंमत त्या सालीत आहे. तिच्यात शुद्ध धातुरूप लोहाचे अतिसूक्ष्म गोळे विखुरलेले असतात, बरेचसे अवघ्या तीन-चार नॅनोमीटरचे. मूळ खनिजात लोह ऑक्सिजनशी बांधलेलं असतं. वाफ होताना किंवा अणू उडताना ऑक्सिजन निसटतो आणि लोह एकटं मागे राहतं. हे कण प्रकाश शोषतात, त्यातही निळ्या बाजूचा जास्त. परिणामी माती काळवंडते, वर्णपट लालसर बाजूला झुकतो आणि १ व २ मायक्रॉन तरंगलांबीजवळचे खनिजांचे शोषणपट्टे, म्हणजे खनिज प्रकाश शोषतं तिथे वर्णपटात पडणाऱ्या खाचा, फिके पडतात.

थॉमस गोल्ड यांनी १९५५ मध्येच म्हटलं होतं की चंद्राचा पृष्ठभाग उघडा पडल्यापासून हळूहळू काळा होत असावा. नमुने आल्यावर मात्र बहुतेकांचा संशय मातीतल्या वितळून चिकटलेल्या काचेच्या गोळ्यांवर, म्हणजे अ‍ॅग्लुटिनेटवर गेला. ब्रूस हॅपके १९७० च्या दशकात सांगत होते की दोष कणांवरच्या वाफेच्या थराचा आणि त्यातल्या लोहाचा आहे. पण तो थर पाहील असं साधन तेव्हा हाताशी नव्हतं. १९९३ मध्ये लिंडसे केलर आणि डेव्हिड मॅके यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तो थर दाखवला. पुढे ओमानमध्ये सापडलेल्या धोफर २८० या चांद्र-उल्कापाषाणात लोह आणि सिलिकॉनचं एक नवं खनिज मिळालं, त्याचं नाव हॅपकेआइट ठेवलं गेलं. वीस वर्षं एकाच मुद्द्याला धरून बसलेल्या माणसाचा याहून चांगला सन्मान मला सुचत नाही.

थोडक्यात, दुर्बिणीतून आपण ज्याला चंद्राचा रंग म्हणतो तो नुसता खडकाचा रंग नाही. त्यात या सालीचा मोठा वाटा आहे.

मध्यरात्र

फार सुंदर लिहिलंय. एक शंका. सगळंच काळवंडत असेल तर टायको विवरापासून निघणारे ते पांढरे पट्टे अजून का दिसतात? आणि साडेचार अब्ज वर्षांत सगळा चंद्र एकसारखा काळाकुट्ट का झाला नाही?

कृत्तिका

@मध्यरात्र, टायकोचे पट्टे दिसतात कारण टायको तरुण आहे. अपोलो १७ च्या जागी मिळालेल्या काही पुराव्यांवरून त्याचं वय सुमारे १० कोटी ८० लाख वर्षं धरतात. आघातानं खोलवरचा न काळवंडलेला खडक बाहेर फेकला, आणि तो अजून पुरेसा जुना झालेला नाही. कोपर्निकस विवर ८० कोटी वर्षांच्या आसपासचं, म्हणून त्याचे पट्टे टायकोपेक्षा मंद आहेत. साधारण अब्ज वर्षांत पट्टे मातीत मिसळून जातात. चंद्राच्या इतिहासातल्या सर्वांत अलीकडच्या कालखंडाला कोपर्निकन म्हणतात, आणि त्याची ओळखच मुळात या उजळ पट्ट्यांवरून ठरवली गेली.

पण एक सावधगिरी. काही पट्टे तारुण्यामुळे उजळ नसतात. मूळ खडकच फिका असतो आणि तो काळ्या बेसॉल्टवर पसरलेला असतो. लिख्टेनबर्ग विवराचे पट्टे असे आहेत, ते कधीचे पिकलेत (म्हणजे त्यांच्या कणांवर ही साल पुरती चढलीय) तरी उजळ दिसतात. म्हणून पट्टे दिसले की विवर तरुण, असं डोळे झाकून म्हणता येत नाही.

तुमचा दुसरा प्रश्न जास्त मोलाचा आहे. चंद्राची माती सतत उलथली जाते. लूनर रिकॉनिसन्स ऑर्बिटर यानानं एकाच जागेच्या आधी आणि नंतर काढलेल्या छायाचित्रांची तुलना करून २०१६ मध्ये असा अंदाज निघाला की वरची २ सेंटीमीटर माती सुमारे ८१,००० वर्षांत पालथी होते. आधी मानत होते त्याच्या शंभरपटीहून जास्त वेगानं. एखादा कण वर येतो, साल चढवून घेतो, गाडला जातो, पुन्हा वर येतो. शिवाय नवीन आघात ताजा माल आणत राहतात. त्यामुळे चंद्रावर सगळ्या वयाची माती शेजारी शेजारी सापडते.

गारगोटी

या विषयावर कुणी लिहिलंय हे पाहून फार बरं वाटलं. मी खडकांच्या पातळ छेदांवर काम करतो, अर्थात पृथ्वीवरच्या. आपल्याकडचं विदारण आणि हे अवकाशी विदारण यांतला एक फरक नोंदवावासा वाटतो. आपल्याकडे खडक झिजतो तेव्हा लोहाला ऑक्सिजन मिळतो आणि ते गंजतं. तिकडे उलट, लोह ऑक्सिजन गमावतं आणि धातू बनतं. रसायनशास्त्र अगदी विरुद्ध दिशेचं, आणि तरी दोन्हीकडे पृष्ठभाग लालसर होतो! हा योगायोग आहे, कारणं निराळी आहेत. पण दूरवरच्या ग्रहाचा नुसता रंग पाहून निष्कर्ष काढू नये हे यातून चांगलं कळतं.

अ‍ॅग्लुटिनेटला मात्र इतकं बाजूला सारू नका. सूक्ष्मदर्शकाखाली तो कण पाहण्यासारखा असतो. वेड्यावाकड्या आकाराची, बुडबुड्यांनी भरलेली काळपट काच, आणि तिच्यात अडकलेले प्लॅजिओक्लेजचे, पायरॉक्सिनचे तुकडे. कडा अणकुचीदार, कारण गुळगुळीत करायला ना वारा ना पाणी. परिपक्व, म्हणजे पुरत्या पिकलेल्या मातीत हे कण निम्म्याच्या आसपासही असू शकतात. त्यांच्यातही धातुरूप लोह असतंच, फक्त गोळे जरा मोठे.

आणि आकाराचा हा मुद्दा कळीचा आहे. दहा नॅनोमीटरहून लहान लोहकण वर्णपट लालसर करतात. चाळीस-पन्नासच्या वर गेले की नुसतं काळं करतात, लालसर करत नाहीत. तेव्हा लोह किती आहे एवढं सांगून भागत नाही, ते किती बारीक वाटलं गेलंय हेही सांगावं लागतं.

माती किती पिकली हे मोजण्याची एक छान पद्धतही यातूनच आली. एवढ्या बारीक लोहकणांचा चुंबकीय प्रतिसाद वेगळा ओळखता येतो. तो मोजायचा आणि मातीतल्या एकूण लोहानं भागायचं. रिचर्ड मॉरिस यांनी १९७८ मध्ये अपोलोच्या अनेक नमुन्यांचे असे आकडे प्रसिद्ध केले. आजही तीच मोजपट्टी वापरतात.

रानवाटा

वाचतेय. प्रतिसादही लेखाइतकेच माहितीपूर्ण. सौरवारा आणि सूक्ष्म उल्का यांत जास्त वाटा कुणाचा, हे ठरलंय का?

गारगोटी

@रानवाटा, यावर अजून भांडण आहे, आणि ते भांडण चंद्रावरच्या एका जागी जाऊन थांबतं.

चंद्राच्या पश्चिमेकडच्या वादळांच्या महासागरात रायनर गॅमा नावाची उजळ, नागमोडी आकृती आहे. तिथे विवर नाही, उंचवटा नाही, खड्डा नाही. सपाट काळ्या मैदानावर नुसती फिकी नक्षी. त्या जागी खडकात चुंबकीय क्षेत्र आहे. चुंबकीय क्षेत्र विद्युतभारित कणांना वळवतं, म्हणजे सौरवारा तिथे कमी पोचतो. उल्कांना मात्र ते काडीचाही अडथळा करत नाही. आता उल्काच मुख्य कारण असत्या तर ती जागा आजूबाजूएवढीच काळी व्हायला हवी होती. ती उजळ राहिली, म्हणजे सौरवाऱ्याचा हात मोठा, असा हा युक्तिवाद.

मला तो बऱ्यापैकी पटतो, पण पूर्ण नाही. काहींच्या मते चुंबकीय क्षेत्रामुळे बारीक धूळ वेगळी वाटली जाते आणि उजळपणा त्यातून येतो. धूमकेतूच्या आघाताची कल्पनाही १९८० पासून आहे. शिवाय चीनच्या चांग-ई ५ यानानं २०२० मध्ये आणलेल्या मातीत संशोधकांना असं लोह दिसलं की जे आघाताच्या वेळी खनिजातल्या लोहाचंच विभाजन होऊन तयार झालेलं आहे, थोडं धातू बनतं आणि थोडं जास्त ऑक्सिडीकृत होतं. त्यात सौरवाऱ्याची गरजच नाही. माझं मत, दोन्ही वाटा खऱ्या आहेत. वेगानं रंग बदलण्याचं काम सौरवारा करतो, आणि पुढचं सावकाश पिकवण्याचं काम उल्का करतात.

ध्रुवपद

यात चांद्रयान १ चा उल्लेख राहून जाऊ नये. त्यावरच्या सारा या उपकरणानं २००९ मध्ये दाखवलं की चंद्रावर आदळणाऱ्या सौरवाऱ्यातल्या प्रोटॉनपैकी २० टक्क्यांपर्यंत प्रोटॉन उदासीन हायड्रोजन अणू होऊन परत अवकाशात जातात. त्याआधी माती जवळपास सगळे शोषून घेते असं गृहीत धरत. आणि चंद्राच्या पलीकडच्या बाजूला, मेअर क्रिसियम या काळ्या मैदानाच्या बरोबर समोरच्या टोकाला असलेल्या चुंबकीय क्षेत्रावरून जाताना हे परतणारे अणू कमी झाले. म्हणजे तिथे सौरवारा खरंच अडवला जातो, हे थेट मोजमापातून कळलं. गारगोटींनी सांगितलेल्या युक्तिवादाचा पायाच तो आहे.

त्याच यानावरच्या एम-थ्री उपकरणाला चंद्राच्या मातीत हायड्रॉक्सिल आणि पाण्याच्या खुणा सापडल्या. सौरवाऱ्यातला हायड्रोजन खनिजातल्या ऑक्सिजनला जाऊन मिळतो, त्यातून हे तयार होतं असं मानतात. आणि त्या नागमोडी नक्षीच्या जागी ही खूण आजूबाजूपेक्षा कमी आहे. दोन अगदी वेगळी मोजमापं एकाच दिशेला बोट दाखवतायत, ही मला फार समाधानाची गोष्ट वाटते.

अजून एक. २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान ३ चा विक्रम चंद्रावर उतरला तेव्हा त्याच्या इंजिनांच्या झोतानं वरची माती उडाली. चांद्रयान २ च्या कॅमेऱ्यानं आधी आणि नंतर काढलेल्या चित्रांत यानाभोवती उजळ वलय दिसतं. इस्रोच्या शास्त्रज्ञांच्या अंदाजानं सुमारे २.०६ टन माती १०८.४ चौरस मीटरवर पसरली. अपोलोच्या उतरण्याच्या जागांभोवतीही असेच उजळ भाग कक्षेतून दिसतात, आणि अंतराळवीरांच्या पायवाटा मात्र काळ्या दिसतात.

मध्यरात्र

ते वलय उजळ दिसतं म्हणजे खालची न पिकलेली माती वर आली, असंच ना?

गारगोटी

पूर्णपणे नाही. काही सेंटीमीटर खालची मातीही उलथापालथीमुळे बऱ्यापैकी पिकलेलीच असते. झोतानं पृष्ठभागाची अगदी बारीक, भुसभुशीत रचना मोडते, तो गुळगुळीत होतो आणि प्रकाश जास्त परततो. पावलांनी उलट खडबडीतपणा वाढतो, सावल्या वाढतात. उजळ म्हणजे ताजं, हे समीकरण जपून वापरावं लागतं ते यामुळे.

तळटीप

लघुग्रहांबद्दल कुणीच बोललं नाही अजून! माझ्या मते या विषयातलं सगळ्यात मोठं कोडं तिथे होतं.

पृथ्वीवर पडणाऱ्या उल्कापाषाणांपैकी सुमारे ८० टक्के सामान्य कॉन्ड्राइट (बारीक गोल दाणे असलेल्या दगडी) प्रकारचे. म्हणजे त्यांचे जन्मदाते लघुग्रहही भरपूर असायला हवेत. पण दुर्बिणींतून पाहिलं तर त्यांच्याशी जुळणारे वर्णपट मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या लघुग्रहांच्या मुख्य पट्ट्यात जवळजवळ सापडतच नव्हते. सापडायचे ते एस प्रकारचे लघुग्रह, रंगानं जास्त लालसर, शोषणपट्टे फिके. कित्येक दशकं दोन गट होते. एक म्हणे, एस प्रकारचे लघुग्रह वेगळ्याच खडकाचे, कॉन्ड्राइट कुठून तरी दुसरीकडून येतात. दुसरा म्हणे, तेच ते, फक्त वरून उन्हापावसाविना पिकलेत.

गॅलिलिओ यान १९९३ मध्ये इडा या लघुग्रहाजवळून गेलं तेव्हा ताज्या विवरांजवळचा भाग कमी लाल दिसला. २००० मध्ये निअर यान इरोस या लघुग्रहाभोवती फिरू लागलं, तिथेही विवरांच्या उतारांवर माती घसरून उघडा पडलेला भाग लख्ख उजळ. २००१ मध्ये शो सासाकी आणि सहकाऱ्यांनी ऑलिव्हिनवर लेझरचे नॅनोसेकंदाचे झोत मारून सूक्ष्म उल्कांची नक्कल केली आणि त्यात नॅनो आकाराचं लोह दाखवलं. तरी लघुग्रहाचा स्वतःचा कण हातात येईपर्यंत हे सगळं अप्रत्यक्षच होतं.

तो कण जपानच्या हायाबुसा यानानं आणला. २००५ मध्ये इटोकावा या अर्ध्या किलोमीटरच्या लघुग्रहावर ते उतरलं. नमुना घेण्यासाठी गोळी झाडायची होती, ती सुटलीच नाही. यानात बिघाडांची मालिका लागली, आणि तरी १३ जून २०१० ला त्याची कुपी ऑस्ट्रेलियात उतरली. आत दीड हजारांहून जास्त सूक्ष्म कण. खनिजं सामान्य कॉन्ड्राइटच्या एलएल (कमी लोहाच्या) उपप्रकाराशी जुळली, आणि कणांच्या कडांना लोहाच्या नॅनोकणांची साल होती. सर्वांत बाहेरचा थर तर ५ ते १५ नॅनोमीटरचाच, आणि त्यातल्या लोहाबरोबर गंधकही, जे चंद्रावर असं दिसत नाही. मिलिमीटरच्या छोट्याशा अंशाएवढ्या कणांनी तो जुना वाद मिटवला. ही गोष्ट मी कितीही वेळा वाचली तरी अंगावर काटा येतो.

रानवाटा

पण मग उल्कापाषाणांवर ती साल का नसते? तेही तिथूनच येतात ना?

तळटीप

@रानवाटा, दोन कारणं. एक तर बहुतेक उल्कापाषाण म्हणजे मोठ्या दगडाच्या आतला भाग असतो, त्यानं कधी उघडं आकाश पाहिलेलंच नसतं. दुसरं, वातावरणातून येताना बाहेरचे मिलिमीटर-सेंटीमीटर जळून जातात. शंभर नॅनोमीटरची साल तिथे काय टिकणार? काही उल्कापाषाण मात्र लघुग्रहावरची मातीच दाबून घट्ट झालेले असतात, त्यांच्या आत अशा जुन्या कणांच्या खुणा मिळतात.

कृत्तिका

@तळटीप, मनापासून आभार, इटोकावावर मी स्वतंत्र लिहिणार होते, आता गरज नाही. यापुढचं चित्र मात्र इतकं सरळ नाही.

बुध सूर्याच्या इतका जवळ की सौरवारा पृथ्वीपाशी असतो त्याच्या सहापटीहून दाट. म्हणजे चंद्रापेक्षा खूप लाल असावा? तसं नाही. मेसेंजर यानाला त्याच्या खनिजांत लोह जेमतेम एक-दोन टक्के सापडलं. दिवसा ४३० अंश सेल्सिअस तापमानात लोहकण एकत्र येऊन मोठे होत असावेत, म्हणजे गारगोटींनी सांगितलेलं, नुसतं काळं करणारं लोह. त्यात तिथे ग्रॅफाइटही आहे. व्हेस्टा या लघुग्रहावर डॉन यानाला चंद्रासारखं पिकणं जवळपास दिसलंच नाही. तिथे बदल होतो तो बाहेरून आलेल्या कार्बनयुक्त काळ्या मालाच्या मिसळण्यानं.

आणि सर्वांत गोंधळात टाकणारी जोडी म्हणजे र्‍युगू आणि बेन्नू हे लघुग्रह. दोन्ही कार्बनयुक्त, दोन्ही कोळशासारखे काळे, आकारही भोवऱ्यासारखा. पण काळ जातो तसा र्‍युगू लालसर होतो आणि बेन्नू निळसर. बेन्नूवरची लहान, ताजी विवरं सरासरीपेक्षा लाल आहेत. हायाबुसा २ नं डिसेंबर २०२० मध्ये आणलेल्या ५.४ ग्रॅम नमुन्यात दिसलं की कणांची बाहेरची साल पाणी गमावलेली आहे आणि आतलं खनिज मात्र पाण्यानं भरलेलं. म्हणजे दुरून र्‍युगू जितका कोरडा दिसला तितका तो आतून नाही. बेन्नूचे १२१.६ ग्रॅम सप्टेंबर २०२३ मध्ये आले. एवढा माल हातात असताना हा रंगाचा प्रश्न सुटायला हवा, अशी मला खरीखुरी आशा आहे.

ध्रुवपद

याला जोडूनच एक येऊ घातलेली संधी. रिचर्ड बिन्झेल आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवलं की पृथ्वीजवळचे जे लघुग्रह न पिकलेले दिसतात, त्यांच्या कक्षा गेल्या पाच लाख वर्षांत पृथ्वीपासून चंद्राएवढ्या अंतरात येऊन गेल्या असाव्यात. पृथ्वीच्या ओढीनं त्यांची माती हलली आणि खालचा ताजा भाग वर आला, असा त्यांचा निष्कर्ष. १३ एप्रिल २०२९ ला अपोफिस हा लघुग्रह पृथ्वीच्या पृष्ठभागापासून सुमारे ३२,००० किमीवरून जाणार आहे.

गारगोटी

मला शंका आहे. ताजे दिसणारे लघुग्रह पृथ्वीपासून दूर राहणाऱ्यांतही सापडलेत. उन्हानं तापून आणि थंड होऊन दगड तडकणं, सूर्यप्रकाशाच्या रेट्यानं फिरण्याचा वेग वाढून माती घसरणं, हेही तेच काम करू शकतं. पृथ्वीची ओढ पुरेशी होण्यासाठी किती जवळ यावं लागतं यावर गणितं एकमेकांशी जुळत नाहीत.

ध्रुवपद

@गारगोटी, म्हणूनच तर ही भेट मोलाची. बेन्नूचा नमुना आणणारं ओसायरिस-रेक्स यान आता ओसायरिस-एपेक्स नावानं अपोफिसकडे निघालंय. भेटीनंतर पोचून ते इंजिनांच्या झोतानं मुद्दाम पृष्ठभाग उकरून खालचा माल पाहणार आहे. युरोपीय अवकाश संस्थेचं रामसेस हे यान भेटीच्या आधी पोचावं अशी आखणी आहे. ते वेळेत पोचलं तर एकाच लघुग्रहाची, एकाच उपकरणानं घेतलेली आधीची आणि नंतरची चित्रं मिळतील. माती हलली असेल तर उजळ डाग दिसतील, आणि ते कुठल्या उतारांवर आहेत यावरून ओढीचा वाटा वेगळा काढता येईल.

गारगोटी

मान्य. आणि एकही डाग दिसला नाही, तर निदान अपोफिसच्या अंतरावर ती ओढ पुरत नाही हे पक्कं होईल. मला त्या निकालातही तेवढाच रस आहे. २०२९ चा एप्रिल आला की हा धागा वर काढूया.